घोड्याचे बळ, माणसाची चाल

उज्जैनच्या पटनी बाजारात नागचंद्रेश्वराचे देऊळ आहे. चैत्र वद्य दशमीला आसपासच्या खेड्यांतली माणसे इथे गर्दी करतात. तिकडचे पंचांग पूर्णिमान्त असल्यामुळे ते या तिथीला वैशाख कृष्ण दशमी म्हणतात. ही माणसे देवाकडे बळ मागतात, तेही घोड्याचे. ते घेऊन पंचक्रोशीला निघायचे. पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर आणि दुर्दरेश्वर हे चार दिशांचे चार द्वारपाल. त्यांना भेटत ११८ किलोमीटरचा फेरा भर उन्हाळ्यात पायी पुरा करायचा आणि अमावास्येच्या सुमारास शहरात परतायचे. मग पुन्हा त्याच देवळात येऊन देवापुढे मातीचा लहानसा घोडा ठेवायचा. उसने घेतलेले बळ परत केले, असा त्याचा अर्थ.

या वाटेवर डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बाया असतात, काठी टेकत चालणारे म्हातारे असतात आणि अनवाणी पोरे असतात. अलीकडे त्या गाठोड्यात, सदऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या बटव्यात मोबाइलही असतो. देवळातून माणूस निघाला की तोही कामाला लागतो. आपला धनी चालतो आहे, थांबला आहे, की थकून एखाद्या वाहनात चढला आहे, हे तो त्याला न विचारता ताडतो. खिशात पडल्यापडल्या धन्याची चाल ओळखणारी ही वस्तू कशी घडली आणि उज्जैनसारख्या गावाशी तिचा काय संबंध, याचा हा इतिहास आहे.

उज्जैनचा काळ मोजायला एक सोयीचे घड्याळ आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षे लागतात. तो सिंह राशीत आला की आधी नाशकात आणि मग सूर्य मेषेत गेल्यावर उज्जैनला सिंहस्थ, म्हणजे तिथला कुंभमेळा, भरतो. १९९२, २००४, २०१६ आणि आता २०२८. चाल ओळखणाऱ्या यंत्राचा जन्म आणि त्याची वाढ, सगळे या चार ठोक्यांत बसते. पण गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी.

पावलांचा हिशेब

माणूस कसा आणि किती चालला हे मोजण्याची गरज जुनीच आहे. आपल्या भाषेत ‘मजल’ हा शब्द आहे. एका दिवसात जेवढी वाट तुडवून होते तेवढी एक मजल, आणि ‘मजल दरमजल’ करत माणसे मुलखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचत. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ साली कोकणातून माळव्याची आणि पुढे ग्वाल्हेर-झाशीची वाट धरली, तेव्हा त्यांचे मोजमाप हेच होते. पेशवाईत पुण्याहून शिंदे-होळकरांच्या छावण्यांकडे पत्रे घेऊन धावणाऱ्या जासूदजोड्यांच्या जोरावर कारभार चाले. कोणती जोडी कधी निघाली आणि कधी पोचली, यावर मुत्सद्द्यांचे डाव अवलंबून असत. मापाला लागायची ती हाडामांसाची चाल.

उज्जैन त्या वेळी मराठ्यांचे होते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. पुढे बायजाबाई शिंद्यांनी भर बाजारात गोपाळमंदिर बांधले. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तोवर शिंदेशाहीचे मुख्य ठाणे हेच होते.

त्या काळाच्या थोडे आधी, १७२०च्या दशकात, जयपूरच्या सवाई जयसिंगाने क्षिप्रेच्या काठी एक वेधशाळा बांधली होती. जयसिंगाने वेधशाळा बांधल्या त्या पाच ठिकाणी: दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन. उज्जैनची निवड आपसूक झाली असणार, कारण भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरून जातो. तिथल्या सम्राट यंत्राकडे नीट पाहण्यासारखे आहे. ते मुळात एक प्रचंड सूर्यघड्याळ आहे. मधल्या जिन्यासारख्या भिंतीची तिरकी धार जमिनीशी जो कोन करते तो त्या गावच्या अक्षांशाइतका असावा लागतो. उज्जैनला हा कोन सुमारे २३ अंशांचा, दिल्लीला साडेअठ्ठावीस अंशांहून थोडा अधिक. शास्त्र एक, राजा एक, आराखडाही एकच. पण दिल्लीची भिंत उचलून उज्जैनला आणली तर ती वेळ चुकीची सांगेल. यंत्र गावाच्या मापाने बेतावे लागते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

१७९२-९३ साली विल्यम हंटर हा स्कॉटिश डॉक्टर मेजर पामर या वकिलाबरोबर आग्र्याहून उज्जैनला आला. त्या प्रवासाचा वृत्तांत आणि जयसिंगाच्या खगोलकार्याची हकिकत ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापलेली आहे. जयसिंगाच्या एका प्रमुख ज्योतिषी सहकाऱ्याचा नातू हंटरला उज्जैनमध्ये भेटला. तरुण होता, पण आजोबांची विद्या त्याच्यात उतरली होती. पुढे तो वारला, आणि त्याच्याबरोबर ती परंपराही संपली, अशी खंत हंटरने नोंदवली आहे. वेधशाळा मोडकळीला आली. तिची दुरुस्ती झाली १९२३ साली, माधवराव शिंद्यांच्या आज्ञेने. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी ती पुन्हा चालती केली आणि तेच तिचे पहिले अधीक्षक झाले.

पावले मोजण्याची सर्वांत थोर कामगिरी मात्र हिमालयात झाली. मिलम गावचा शाळामास्तर नैनसिंग १८६५ साली देहरादूनच्या सर्वेक्षण खात्याकडून तिबेटात निघाला. मोजणीची साधने दिसली तर जीव जाणार, म्हणून कॅप्टन मॉन्टगोमेरीने त्याला ठरावीक लांबीचे पाऊल टाकायला शिकवले होते. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ होती, पण तिच्यात १०८ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. टिपणे प्रार्थनाचक्रात लपवायची. चढ असो, उतार असो, बर्फ असो, पाऊल तेवढेच पडले पाहिजे. या हिशेबावर त्याने ल्हासापर्यंतची वाट नकाशावर आणली. देहालाच यंत्र करून टाकल्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

पहिला ठोका : १९९२

एप्रिल-मे १९९२मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरला तेव्हा माणसे कशी आली हे कळायचे मार्ग जुनेच होते. रेल्वेची तिकिटे, बसच्या फेऱ्या, नाक्यावरच्या शिपायाचा अंदाज. पायी येणारा कुठल्याच वहीत नसे.

त्याच सुमारास मोटारींमध्ये एक बारीकशी वस्तू शिरत होती. अपघाताच्या क्षणी हवेची पिशवी फुगवायची तर धक्का बसला हे ओळखणारे काहीतरी हवे. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्यासाठी सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले त्वरणमापक बाजारात आले. त्याची रचना समजायला एसटीतला उभा प्रवासी डोळ्यांपुढे आणावा. गाडी झटक्याने निघाली की तो मागे झुकतो, ब्रेक लागला की पुढे. चकतीच्या आत अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला एक तुकडा असतो. त्याला फणीसारखे दात असतात. हिसका बसला की तुकडा मागे रेंगाळतो, दातांमधले अंतर बदलते, त्याबरोबर विद्युतधारकता बदलते आणि तो बदल मोजता येतो. तीन दिशांना तीन मोजमापे घेतली की हालचाल पूर्ण पकडली जाते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणही त्यात सतत उमटत असते, त्यामुळे वस्तू उभी आहे की आडवी हेही कळते.

पावले मोजणारे खिशातले यंत्र जपानात १९६५पासून विकले जात होते. ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, हे त्याचे नाव. पण त्याला फक्त ठेका कळे. ठेका कुणाचा आणि कशाचा, हे कळायला शिकणारे यंत्र हवे होते.

दुसरा ठोका : २००४

एप्रिल २००४. क्षिप्रेवर पुन्हा पर्वस्नाने सुरू झाली होती. त्याच महिन्यात ऑस्ट्रियातल्या एका परिषदेत एमआयटीचे लिंग बाओ आणि स्टीफन इंटिल यांनी एक निबंध मांडला. त्यांनी २० माणसांच्या मनगटाला, दंडाला, कमरेला, मांडीला आणि घोट्याला त्वरणमापक बांधले होते. चालणे, जिना चढणे, सायकल चालवणे, दात घासणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे अशी रोजची २० कामे त्यांनी आपापल्या पद्धतीने करायची आणि कोणते काम कधी केले याची नोंद स्वतःच ठेवायची. मिळालेल्या आकड्यांवर संगणकाने नियम शोधले आणि ८४ टक्के वेळा काम बरोबर ओळखले. पाच जागांऐवजी मांडी आणि मनगट या दोनच जागा धरल्या तरी फारसे बिघडत नाही, असेही दिसले. मांडी म्हणजे विजारीचा खिसा. पुढची दिशा ठरून गेली.

यंत्र ओळखते कसे? मोबाइलमधला मापक दर सेकंदाला पन्नास-शंभर वेळा आकडे लिहितो. त्या ओळीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात सरासरी किती, चढउतार किती, आणि कोणता ठेका किती जोराने वाजतो, हे काढतात. चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणून त्याच्या तुकड्यात तो ठेका ठळक असतो. धावणाऱ्याचा ठेका जलद आणि उसळी मोठी. बसमध्ये पावलांचा ठेका नाहीसा होतो, इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचे दणके राहतात, मधूनमधून ब्रेकचा लांब कल दिसतो. रेल्वे संथपणे वेग घेते आणि संथपणे सोडते. अशा हजारो तुकड्यांवर आधी माणसाने नावे लिहिलेली असतात: हा चालण्याचा, हा बसचा. ती उदाहरणे पाहून यंत्र नियम बसवते आणि मग नाव न लिहिलेल्या तुकड्याला नाव देते. संगीत शिकणारे पोर शेकडो चिजा ऐकून राग ओळखू लागते, तसेच हे आहे. मराठीत गाण्याच्या रचनेलाही आपण ‘चाल’च म्हणतो.

पुढच्या सात-आठ वर्षांत कामाला वेग आला. २००७मध्ये आलेल्या आयफोनमध्ये पडदा फिरवण्यासाठी त्वरणमापक होता आणि लवकरच तो सगळ्याच स्मार्टफोनमध्ये आला. २००८ साली बीजिंगमध्ये यू झेंग आणि सहकाऱ्यांनी जीपीएसच्या मागांवरून प्रवासाचे साधन ओळखून दाखवले. एक वाहन सोडून दुसरे धरताना माणूस मध्ये थोडा तरी चालतोच, हे साधे सत्य त्यांनी पायाभूत धरले. चालण्याचे तुकडे सापडले की प्रवासाचे सांधे सापडतात. उज्जैन स्टेशनावर उतरून देवास गेटच्या बसथांब्याकडे जाणाऱ्यालाही ते लागू आहे. २०१०मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ससांक रेड्डी आणि सहकाऱ्यांनी १६ जणांच्या मोबाइलवर जीपीएस आणि त्वरणमापक एकत्र वापरले आणि थांबणे, चालणे, धावणे, सायकल आणि मोटारवाहन यांतला फरक ९३.६ टक्के अचूकतेने सांगितला. आत्ता बसमध्ये असलेला माणूस पुढच्या क्षणी सायकलवर असण्याचा संभव कमी, हे गणित त्यांनी त्यात घातले होते.

भारतातल्या प्रयोगशाळांनी या विद्येत इथल्या रस्त्याचा आवाज मिसळला. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये प्रशांत मोहन, व्यंकट पद्मनाभन आणि रामचंद्रन रामजी यांनी २००८ साली ‘नेरीसेल’ मांडले. खिशातल्या फोनने खड्डे, गतिरोधक, ब्रेक आणि भोंगे ओळखायचे. फोन खिशात आडवा पडला असो वा उलटा, आधी गुरुत्वाकर्षणाच्या आणि ब्रेकच्या दिशेवरून त्याची ठेवण हिशेबाने सरळ करून घ्यायची, ही त्यांची युक्ती. पवईच्या आयआयटीत रिजुरेखा सेन आणि भास्करन रामन यांच्या गटाने २०१०मध्ये रस्त्याकडेला लावलेल्या ध्वनिग्राहकांनी भोंग्यांचे आवाज टिपले आणि स्वराच्या चढउतारावरून वाहनांचा वेग काढला. त्या निबंधाचे नाव मालमोटारींच्या पाठीवरून घेतलेले होते: ‘हॉर्न ओके प्लीज’. त्याच संस्थेत २०१२मध्ये रामन आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांच्या गटाने ‘वुल्व्हरिन’ हे काम केले. फोनची ठेवण सरळ करायला त्यांनी जीपीएसऐवजी चुंबकमापक वापरला, म्हणजे बॅटरी वाचावी. मुंबईच्या रस्त्यांवर खड्डा कुठे आणि वाहतूक कुठे तुंबली, हे त्यातून कळू लागले. पश्चिमेच्या प्रयोगशाळांत जो आवाज गोंगाट म्हणून गाळला गेला असता, तोच इथे माहिती झाला.

२०१३ हे वर्ष वळणाचे ठरले. त्या वर्षी गूगलने अँड्रॉइडवर धन्याची हालचाल ओळखण्याची सोय सगळ्या ॲपकर्त्यांना खुली केली: वाहनात, सायकलवर, पायी, स्थिर. ॲपलने त्याच वर्षी फक्त हालचाल टिपण्यासाठी वेगळी चकती फोनमध्ये बसवली. प्रयोगशाळेतली विद्या खिशात आली, आणि बहुतेकांना ती आली हे कळलेही नाही.

तिसरा ठोका : २०१६

सिंहस्थाच्या गावांना या विद्येची ओढ कुतूहलापोटी लागलेली नाही. जुलै १९९६मध्ये सोमवती अमावास्येला महाकाल मंदिरात चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले. २७ ऑगस्ट २००३ला नाशकात ३९ जणांचा जीव गेला. पुढच्या वळणावर किती माणसे आहेत आणि ती पुढे सरकत आहेत की अडली आहेत, हे मागच्यांना कळत नाही, तिथे अशी आपत्ती दबा धरून असते.

म्हणून २०१५च्या नाशिकच्या कुंभाआधी नाशकातच जन्मलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ सुरू झाले. शहरातली पोरे, डॉक्टर, पोलीस आणि दुकानदार एकत्र बसून प्रश्न मांडू लागले. निलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा आणि त्याच्या सोबत्यांनी त्यातून ‘आशिओतो’ नावाची चटई बनवली. जपानी भाषेत आशिओतो म्हणजे पावलांचा आवाज. चटईत दाब ओळखणारे संवेदक होते. तिच्यावरून पाऊल पडले की मोजणी व्हायची आणि आकडा नियंत्रण कक्षात पोचायचा. कुंभात तिने १८ तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजली. नैनसिंगाच्या जपमाळेतले मणी जणू जमिनीवर अंथरले गेले.

२२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात उज्जैनचा सिंहस्थ झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आशीष वर्मा यांच्या गटाने तिथल्या गर्दीचा अभ्यास केला: चालण्याचा वेग, दाटी, प्रवाह, आणि या तिन्हींचे एकमेकांशी नाते. परदेशी पाठ्यपुस्तकांतले आकडे रेल्वेस्थानकांतल्या कामकरी माणसांवरून आलेले असतात. डोक्यावर बोजा, कडेवर मूल, हाताला धरलेली म्हातारी, सगळ्या कुटुंबाने एकमेकांचा पदर धरून चालायचे, ही गर्दी त्या आकड्यांत बसत नाही. ५ मेला वादळी पाऊस आला, मंडप कोसळले, माणसे दगावली. क्षणात सारा लोंढा दिशा बदलतो म्हणजे काय, हे त्या दिवशी दिसले.

सिंहस्थ संपल्यावर साडेतीन महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ला, जिओ बाजारात आले आणि इंटरनेट पाण्यासारखे स्वस्त झाले. इतिहासाच्या दृष्टीने हे अंतर फार महत्त्वाचे आहे. २०१६चा सिंहस्थ उज्जैनचा शेवटचा मेळा, ज्यात बहुसंख्य यात्रेकरूंच्या खिशात चाल ओळखणारे यंत्र नव्हते.

ब्रायटनचे पाऊल, उज्जैनचे पाऊल

२०१७ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाने हुआवे कंपनीबरोबर एक मोठा संग्रह तयार केला. तीन स्वयंसेवक, सात महिने, प्रत्येकाच्या हातात, छातीशी, कमरेला आणि पिशवीत मिळून चार फोन. स्थिर असणे, चालणे, धावणे, सायकल, मोटार, बस, रेल्वे आणि भुयारी रेल्वे ही आठ नावे. एकूण २,८१२ तासांच्या नोंदी. २०१८पासून जगभरचे संशोधक या संग्रहावर आपापली यंत्रे घासूनपुसून पाहतात. काम अत्यंत काटेकोर आहे आणि खुलेपणाने वाटलेले आहे. पण ती पावले ब्रायटन आणि लंडनची आहेत.

आता उज्जैनला या. आठ नावांच्या यादीत ई-रिक्षा कुठे बसवायची? तिला इंजिनाची थरथर नाही, वेग सायकलीइतका आणि दणके बैलगाडीचे. ‘मॅजिक’ नावाच्या छोट्या प्रवासी गाडीचे काय? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्याने आलेल्या अख्ख्या गावाचे काय? अनवाणी पाऊल बुटातल्या पावलासारखा ठोका देत नाही. फोन विजारीच्या खिशात नसून पदराच्या गाठीत, बटव्यात किंवा डोक्यावरच्या गाठोड्यात असतो. पंढरीच्या वाटेवर वारकरी मध्येच ‘धावा’ करतात. यंत्र म्हणेल, व्यायाम चालू आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. महाकालाच्या रांगेत माणूस तासाला थोडेसे सरकतो, तेव्हा यंत्र त्याला ‘स्थिर’ म्हणेल. आणि दाटी फार वाढली की माणसाची चालच त्याच्या ताब्यात राहत नाही. जानेवारी २००६मध्ये मक्केजवळच्या मीना इथे झालेल्या दुर्घटनेच्या चित्रफिती डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी बारकाईने तपासल्या. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की तिच्यात लाटा उठतात, माणसे आपल्या पायांनी नव्हे तर त्या लाटेने इकडून तिकडे ढकलली जातात, असे त्यांनी २००७मध्ये दाखवले. त्या क्षणी खिशातल्या फोनला पावलांचा ठेका मिळणार नाही. मिळेल एक मंद, आडवा हेलकावा, शेजारच्या शेकडो फोनांत एकाच वेळी उमटलेला. हे चालणेही नाही, थांबणेही नाही आणि वाहनही नाही. आठांच्या यादीत याला नाव नाही. मला वाटते, सिंहस्थाच्या गावाने या विद्येकडून काही मागायचे असेल तर आधी या नवव्या चालीचे नाव मागावे, कारण जीव वाचतील ते त्या नावाने.

इथे सम्राट यंत्राची तिरकी भिंत आठवते. जयसिंगाला ठाऊक होते की दिल्लीचा कोन उज्जैनला चालत नाही. त्वरणमापक तोच, गणित तेच; पण शिकवणी इथल्या पावलांची हवी. ती कोण देणार? बाओ-इंटिलच्या २० जणांनी स्वतःच्या हाताने नोंदी केल्या होत्या. ससेक्सच्या तिघांनी सात महिने दिले. नावे लिहिणारा माणूस नसेल तर यंत्र काहीही शिकत नाही. उज्जैनच्या कॉलेजांत पोरे आहेत, पंचक्रोशीला दरवर्षी निघणारी माणसे आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांच्या चालींची नोंद करता येईल. हंटरला भेटलेल्या त्या तरुण ज्योतिष्याबरोबर जशी विद्या गेली, तसे पुन्हा होऊ नये, तर ती गावात मुरली पाहिजे. आपट्यांनी वेधशाळा जागी केली तेव्हा तिथे राहून केली.

संमतीचा मुद्दा मी मुद्दाम काढला. माणसाची चाल ही त्याची ओळख आहे. दाराबाहेरचा पायरव ऐकून कोण आले हे आपण घरात ओळखतो, तो भरवशाचा मामला असतो. खिशातल्या यंत्राला तो भरवसा दिलेला नव्हता. अँड्रॉइडमध्ये हालचाल ओळखण्यासाठी धन्याची परवानगी विचारायचा नियम आला तो २०१९मधल्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे ही सोय खुली झाल्यावर सहा वर्षांनी. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला २०२३ साली. अंगठा टेकवून ‘हो’ म्हणणाऱ्या यात्रेकरूला आपण कशाला हो म्हटले हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे, आणि मेळा संपल्यावर त्याचा माग पुसला गेला पाहिजे.

चौथा ठोका

२०२७मध्ये नाशिक, २०२८मध्ये उज्जैन. महाकाल मंदिराभोवतीचा ‘महाकाल लोक’ हा परिसर २०२२ साली खुला झाल्यापासून उज्जैनची वर्दळ एरवीही वाढली आहे. या वेळी क्षिप्रेच्या घाटांकडे निघालेल्या बहुतेक माणसांजवळ पावले मोजणारे, वाहन ओळखणारे, हिसके टिपणारे यंत्र असेल. कोणत्या रस्त्याने किती जण पायी आले, कुठे वाहने सोडून चालू लागले, कुठे ठेका मंदावला, कुठे तुटला, हे कळण्याची सोय पहिल्यांदाच झालेली असेल. पूर्वी वहीत नसलेला पायी माणूस आता मोजला जाईल.

मोजले गेल्याचे फळ त्याला मिळणार का, हा खरा प्रश्न आहे. जिथे ठेका मंदावतो तिथे पाण्याचा हौद आणि सावली हवी. जिथे माणसे उतरून चालू लागतात तिथे पदपथ हवा. जिथे तो आडवा हेलकावा उठतो तिथे पुढचा दरवाजा वेळेत उघडला पाहिजे आणि मागची रांग वेळेत थांबली पाहिजे. ही माहिती चालणाऱ्याच्या पायातून आलेली आहे, तिच्यावर पहिला हक्क त्याचा.

पंचक्रोशीच्या यात्रेकरूला हा व्यवहार शिकवावा लागत नाही. त्याने नागचंद्रेश्वराकडून बळ घेतलेले असते, पाच-सहा दिवस ते वापरलेले असते, आणि अमावास्येला तळव्यांना फोड आलेले असताना तो घरी जाण्याआधी पटनी बाजाराकडे वळतो. मातीचा घोडा देवापुढे ठेवतो, हात जोडतो आणि मग गावाकडची मॅजिक पकडतो. त्याच्या खिशातला फोन त्या क्षणी एवढेच टिपतो की चालणे थांबले आणि वाहन सुरू झाले. मधल्या त्या थोड्याशा थांब्यात एक देणे फिटलेले असते. त्याच्या पावलांकडून बळ घेणाऱ्या आपण सर्वांनीही २०२८च्या मेळ्यानंतर असाच एक घोडा ठेवायचा आहे.